नातीचं गाऱ्हाणं

सन दोन हजार तीन. मला तेव्हा त्रेसष्ट पुरी होऊन चौसष्टावं लागलं होतं. दात निम्मे गेले होते, पण आवाज होता. आवाजाचं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्या गावात शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे जांभ्या दगडाचा चौथरा, वर कौलारू छप्पर, चारी बाजू उघड्या. पालखी बसली की सगळा गाव हात जोडून उभा राहतो आणि एक माणूस गावाच्या वतीनं देवाशी बोलतो. त्याला आम्ही गाऱ्हाणं घालणं म्हणतो. पाऊस वेळेवर पाड, गुरं राख, मुंबईला गेलेल्या पोरांची नोकरी टिकव, कोणाच्या मनात वाकडं असेल तर ते सरळ कर, असं एकेक मागायचं आणि प्रत्येक मागणं 'म्हाराजा' म्हणून सोडायचं. मग गाव एका तोंडानं म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' हे ऐकलं की अंगावर काटा येतो. आजही येतो.

हे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. माझ्या आज्यानं घातलं, बापानं घातलं. बाप गेला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, त्या शिमग्यापासून मी. म्हणून गाव मला नावानं हाक मारत नाही, 'गावकार' म्हणतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण गाऱ्हाणं कुठं कागदावर असतं? ते कानातून पोटात जातं आणि पोटातून वर येतं. एवढ्या वर्षांत मी एकदाही अडखळलो नाही. एका साली ताप होता, अंग कापत होतं, तरी खालच्या वाडीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला होता. माझ्यात मिजास होती म्हणतात ती याच्यातून आली. असेल. मी नाही म्हणत नाही.

आता कातळाचं सांगतो.

आमची वाडी वर सड्यावर. सडा म्हणजे डोंगराचं पसरट माथं, सगळा जांभा दगड. खाली दोन मैलांवर तिठा, तिथून गाड्या मिळतात. एक फाटा रत्नागिरीला, एक गणपतीपुळ्याला, एक आमच्याकडे. वाडीपर्यंतचा रस्ता डांबरी झाला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण एसटी वर येत नव्हती. डेपोवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. रस्ता चांगला आहे, पण वर गाडी फिरवायला जागा कुठं आहे? रात्रीची वस्तीची गाडी उभी कुठं करायची? ड्रायव्हरनं काय दोन मैल मागं मागं उतरायचं?

जागा होती. रस्ता जिथं संपतो तिथंच, माझी. पाच-सहा गुंठे सपाट कातळ. चहूबाजूंनी मी रचलेला दगडांचा गडगा, कोपऱ्यात एक काजूचं झाड, बाकी काही नाही. पावसाळ्यात थोडं शेवाळ आणि चार रानफुलं. त्याच्यावर बकरीसुद्धा थांबायची नाही.

ती जागा मी दिली नाही. का नाही दिली ते ऐका. आमच्याकडे कोणाकडून काही मागायचं असलं तर दोन माणसं घरी येतात, ओटीवर बसतात, पाणी पितात, पानाचा विडा पुढं ठेवतात आणि मग तोंड उघडतात. ह्यांनी काय केलं? ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हातून कागद पाठवला. 'आपली हरकत नसल्याचे लिहून द्यावे.' शिपाई सायकलवरून उतरलासुद्धा नाही, एक पाय टेकून कागद पुढं केला. मी तो वाचला, वेळ लागला पण पुरा वाचला, आणि त्याच्या हातात परत दिला.

"काय सांगू, गावकार?" त्यानं विचारलं.

"सांग, हरकत हाय."

त्या वेळी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालेलं. सरपंच बाई होती, शांत, कामसू. पण कारभार तिचा घोव, म्हणजे नवरा, बघायचा. तो दुसऱ्या दिवशी दुकानावर चारचौघांत बोलला, "म्हाताऱ्याच्या कातळावर काय सोनं पिकतंय?" मी तिथंच, दुकानाच्या मागच्या बाजूला तंबाखू मळत होतो. तेव्हापासून मी ठरवलं. आता देव खाली आला तरी नाही.

दोन वर्षं तसाच बसलो. गंमत वाटेल, पण गावात कोणी पुन्हा विचारायला आलंच नाही. त्यांना वाटलं मी देणार नाही, मला वाटलं ते येणार नाहीत.

ह्यात भरडली कोण गेली? माझी नात.

मुलगा मुंबईला कंपनीत, सून आणि नात आमच्याजवळ. पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. हायस्कूल खाली तिठ्याजवळ, ते उजेडात भरायचं आणि उजेडात सुटायचं, म्हणून चालत जायची. अकरावीला मात्र रत्नागिरी गाठायची. तिथं कॉलेज सकाळचं. तिठ्यावरची गाडी पकडायची तर पाचाला घर सोडायचं, काळोखात वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा, करवंदीच्या जाळ्यांतून उतरायचं. त्या वाटेवर वाघरू फिरायचं, त्यानं कितीतरी कुत्री नेलेली. मुलानं मुंबईहून कळवलं, पोर काळोखातून जाणार नाय. बरोबरच होतं त्याचं. वस्तीची गाडी वाडीत आली असती तर सहाला दारातून बसली असती.

अशी ती एक वर्ष घरी बसली. आणखी तीन पोरी त्या वर्षी दहावीला बसलेल्या, त्यांचंही तेच होणार होतं. मुलगे दहावी झाले की मामाकडे, काकाकडे मुंबईला जायचे, त्यांना गाडी वर आली काय आणि न आली काय.

ती कधी मला काही बोलली नाही. तेच वाईट. शेण काढायची, आमसुलं वाळत घालायची, काजूच्या बिया फोडताना हात काळे करून घ्यायची. संध्याकाळी मात्र माझ्या गडग्यावर बसून जुनी पुस्तकं वाचायची. माझ्याच गडग्यावर! मी गुरं घेऊन तिथून यायचो आणि दुसरीकडे बघायचो.

माझ्या म्हातारीनं एकदा विषय काढला. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "ऐकलाव काय? पोरीला आणखी एक साल घरात ठेवलं तर बाप तिचं लगीन बगंल."

"मग काय मी जाऊन हातापाया पडू सगळ्यांच्या? माझी जागा घ्या म्हणून?"

"मी कुठं काय म्हणतंय. भात घेऊ आणखी?"

मी भात घेतला. गिळवला नाही.

मे महिना लागला. आमच्याकडे मे म्हणजे घरं भरलेली. मुंबईकर येतात, अर्ध्या चड्डीत वाडीभर फिरतात, फणस फोडतात, विहिरीवर आंघोळी करतात, आणि गावात काय काय चुकतंय ते आम्हाला समजावून सांगतात. आमसुलांसाठी फोडलेल्या रातांब्यांचा वास सगळीकडे. पोरं चीक लागू नये म्हणून हाताला तेल लावून फणसाचे गरे काढायला बसायची आणि अर्धे तिथंच खायची. आता मुंबईकर गणपतीत चार दिवस येतात, मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरकुरतात आणि जातात. तेव्हाचा मे वेगळाच होता.

त्या मेमध्ये गावात पुण्याकडची एक बाई आली. कुठल्या तरी संस्थेची, तिशीतली, पायात बूट आणि पाठीला भली मोठी पिशवी. अंगणवाडीत राहायची. घरोघर जायची आणि पोरींना विचारायची, तुला काय व्हायचंय, तुला काय हवंय. आमच्याकडेही आली होती. फणसाची भाजी दोनदा मागून घेतली, म्हणून म्हातारीला आवडली. मी फार बोललो नाही.

एक दिवस पंचायतीच्या फळ्यावर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं. मोठ्या अक्षरातलं मी वाचतो. तिथं लिहिलं होतं: 'गावातील मुलींची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी ग्रामसभा. रविवारी सकाळी दहा वाजता. स्थळ सहाण.' शाळेची कौलं उतरवलेली होती, म्हणून सभा सहाणेवर.

माझं डोकं सटकलं. मी पुन्हा वाचलं. सहाण. गाऱ्हाणी. मुलींची!

बाई तिथंच खडूचे हात झटकत उभी होती.

"कोणी लिवलं ता?"

"मीच, आजोबा. काही चुकलं का?"

"चुकलं नाय, उलटं झालं. ह्या गावात गाऱ्हाणं मी घालतो. दुसरा कोण घालत नाय."

तिचा चेहरा उजळला. "अच्छा! म्हणजे तुमच्याही काही तक्रारी आहेत? मग या ना तुम्हीपण! वयाची काही अट नाही."

दुकानासमोर बसलेली माणसं एवढी हसली की एकाला ठसका लागला. "जा गावकार, जा," एक मुंबईकर म्हणाला, "पोरींच्या रांगेत बसा!"

मग तिला कोणीतरी समजावलं. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार हो. तसं काही मनात नव्हतं. मुलींना काय अडचणी आहेत ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. वर कळवायचंय. तरुण मुलामुलींना विचारल्याशिवाय विकासाचं काही ठरवायचं नाही, असं आता जगभर ठरलंय."

"जगभर ठरलं," मी म्हटलं, "आणि आमाला कोणी विचारलं नाय?"

ती हसली. मी हसलो नाही. घरी आलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. नात पडवीत रातांबे फोडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "आबा, बायकांनी गाऱ्हाणं का नाय घालायचं?"

"देवाला सवय नाय."

"देवाला, का तुमाला?"

चुलीजवळ म्हातारी फिसकन हसली. मी दोघींकडे रागानं बघितलं आणि गुरांना पाणी दाखवायला गेलो. गुरं मघाशीच पाणी पिऊन आली होती.

रविवारी मी सभेला गेलो तो भांडायलाच. फळ्यावरचा शब्द पुसला नव्हता ना! गाऱ्हाण्याच्या नावाखाली सहाणेवर काही वेडंवाकडं झालं तर उठून बोलायचं, असं ठरवून डोक्याला स्वच्छ टोपी घालून पुढं जाऊन बसलो.

सभा भरली होती. मुंबईकर असल्यामुळे कधी नव्हे ती गर्दी. सरपंचबाई खुर्चीवर, तिचा घोव मागं खांबाला टेकून. ग्रामसेवक वही घेऊन. पोरी एका बाजूला दाटीवाटीनं. पुण्याची बाई एकेकीला उठवायची, "बोल, घाबरू नकोस," म्हणायची. पोरगी उठायची, ओढणी तोंडात धरायची, काहीतरी पुटपुटायची आणि बसायची. चार जणी झाल्या, एकीचंही ऐकू आलं नाही. माणसं आपसांत बोलायला लागली, आंब्याच्या पेट्यांचं, परतीच्या रिझर्वेशनचं.

मग माझी नात उठली.

"मी दहावी पास हाय," एवढं म्हणाली आणि तिचाही आवाज बसला.

मागून एक मुंबईकर ओरडला, "मोठ्यानं गो! माईक आणू काय?"

हशा झाला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पोरीचं तोंड लालबुंद झालं. मला वाटलं, बसेल आता. ती बसली नाही. ती माणसांच्या मधून वाट काढत चौथऱ्यापाशी गेली. ओढणीच्या गाठीतून एक पान आणि सुपारी काढली आणि पालखी बसते त्या मोकळ्या जागेवर ठेवली. आमच्याकडे पाठ केली. हात जोडले. आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या सहाणेवर तुझी लेकरं जमल्यात म्हाराजा!"

वाऱ्यानं वहीचं पान उलटलं तेवढं ऐकू आलं. तो आवाज माझा होता. म्हणजे पोरीचाच, पण उचल माझी, थांबणं माझं, 'म्हाराजा'वर दम सोडायचा तो माझाच. मी तिला कधी शिकवलं नाही. लहानपणी शिमग्यात माझ्या धोतराला धरून उभी असायची, एवढंच. पोटात जाऊन बसलेलं सगळं.

माझ्या शेजारचा एक म्हातारा बसल्या जागी उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. त्याच्या मागं सगळेच उठले. सवय हो! त्या जागेवर तो सूर आला की आमच्या गावचा माणूस बसून राहत नाही. अर्ध्या चड्डीवालेसुद्धा उठले.

"जी काय लेकरं मुंबईला हायत, त्यांची राखण केलीस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून दोन-चार आवाज आले.

"तशी गावात ऱ्हायलेल्या लेकींची पण राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता निम्मा गाव.

"त्यांना शिकायचं हाय म्हाराजा! काळोखात वहाळ ओलांडवत नाय. त्यांच्या दारात वस्तीची गाडी येऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव. कौलांवरची दोन कबुतरं उडाली.

पुण्याची बाई तेवढी खाली बसलेली, इकडून तिकडे बघत होती.

मग पोरगी थोडी थांबली. मीही शेवटच्या मागण्याच्या आधी तसाच थांबतो.

"गाडीच्या वाटंत तुझंच एक लेकरू रागावून बसलंय म्हाराजा. चूक तेची नाय. गावानं तेला मानानं विचारलं नाय. कोणी तेच्या दारात विडा ठेवला नाय, तो आज मी तुझ्या पायाशी ठेवलाय म्हाराजा. तेचा राग उतरव. कातळाचा कोपरा गाडीला द्यायची तेला बुद्धी दे म्हाराजा!"

गाव काही बोलला नाही. सगळ्यांची तोंडं बंद. म्हणजे उघडी होती, पण आवाज निघाला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

आणि मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

कसं म्हटलं ते विचारू नका. छत्तीस वर्षं मी फक्त घातलं होतं, म्हटलं कधी नव्हतं. 'व्हय म्हाराजा' मी शेवटचं म्हटलं ते बापाच्या शेजारी उभा राहून. बापाचा घामाचा वास, त्याच्या फेट्याचा लोंबता शेमला, अबीर, ढोलाचं कातडं तापवल्याचा वास, सगळं एकदम नाकात आलं आणि तोंडातून शब्द निघून गेला. मोठ्यानं. खालच्या वाडीला ऐकू गेला असेल.

मग गावानं म्हटलं. माझ्या मागून.

पोरगी वळली. शेवटी सरपंचबाईचा घोव खांबामागून म्हणाला, "गावकार, ता काय आमी धरत नाय हां. देवाचं सवयीनं तोंडातून गेलं असंल. इचार करून सांगा."

आता बघा, त्यानं मला वाट काढून दिली होती. मी 'बघतो' म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण त्याच्या तोंडचं ते 'सवयीनं' मला झोंबलं. मी काही बोलायच्या आत सरपंचबाई खुर्चीवरून उठली. दोन वर्षांत सभेत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"सहाणेवर व्हय म्हटलंय," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "लिवा, भाऊसाहेब."

ग्रामसेवकानं माझ्याकडे बघितलं. "लिहू का?"

"लिवा," मी म्हटलं. "पण सरळ लिवा. मागितलं म्हणून नाय, विचारलं म्हणून दिलं."

"तसं वहीत लिहिता येत नाही, गावकार."

"मग वही कशाला ठेवलीव?"

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं, जो सगळ्यांत आधी उभा राहिला होता त्यानंच, तोंड वाकडं केलं. "जागेचं जागेवर. पण पोरीनं गाऱ्हाणं घातलं, ता कसं चालतं? मान कोणाचा?"

"माझ्या घराचा," मी म्हटलं.

"व्हय ना. मग?"

"मग ती काय शेजारच्या घरातली हाय?"

"उद्या लगीन होऊन जाईल की."

"जाईल तवा जाईल. आज माझ्या घरात जेवते. आणि मला सांग, कुठं चुकली ती? एक शब्द मागंपुढं झाला?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "नाय झाला. तुजापेक्षा जरा बरंच वाटलं. दात हायत ना तिला."

सभा फुटली हसून. मी रागावणार होतो, ते राहूनच गेलं.

पुण्याची बाई ग्रामसेवकाच्या मागं उभी राहून वहीत बघत होती. "पण मतदान कधी झालं?" तिनं हळूच विचारलं. "हात वर केलेले मी पाहिलेच नाहीत."

"हात जोडले होते ना, बाई," सरपंचबाई म्हणाली.

बाईनं ते आपल्या वहीत लिहून घेतलं. वर काय कळवलं आणि जगभरात त्याचं काय केलं ते मला माहीत नाही. जाताना मला म्हणाली, "आजोबा, मुलींचा आवाज म्हणजे काय ते आज कळलं." मी म्हटलं, "आवाज घरचा हाय तो." तिनं वाकून नमस्कार केला. चांगली होती. मी उगाच तुटक वागलो तिच्याशी.

पुढचं थोडक्यात सांगतो. जूनच्या अखेरीला वस्तीची गाडी आली. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या पडवीत झोपायचे, म्हातारी त्यांना सकाळी चहा द्यायची. सहाला घंटी वाजली की चार पोरी चढायच्या, त्यातली एक माझी. दोन वर्षांनी दहा-बारा चढायला लागल्या. नात शिकली, नर्स झाली, तिकडे गुहागरला सरकारी दवाखान्यात आहे. लग्न तिनं तिच्या वेळेला केलं. आता पोरी स्कुट्या चालवतात, गाडीला पहिल्यासारखी गर्दी नसते. पण त्या पहिल्या पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर धुकं धरायचं आणि आतून चार बोटं ते पुसायची, ते मला अजून दिसतं. कोणाची बोटं ते लांबून कळायचं नाही, तरी मी हात करायचो.

शिमग्याचं मला पुष्कळ जण विचारतात. अजून मीच घालतो. नात सुटी काढून आली तर शेजारी उभी राहते, आणि माझा दम कमी पडला की पुढचं वाक्य ती उचलते. सुरुवातीला दोघा-तिघांनी नाकं मुरडली. आता ते नाकवालेच नाहीत.

पण त्या रविवारी हे काही ठाऊक नव्हतं. सभा झाल्यावर सरपंचबाई आणि तिचा घोव दोघं आमच्या ओटीवर आली. पाणी प्याली. घोवानं विडा पुढं ठेवला आणि खाली मान घालून म्हणाला, "उद्या चार माणसं लावून गडगा उतरवून घेऊ, गावकार. तुमी काय त्रास घेऊ नका."

"माझ्या गडग्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाय," मी म्हटलं. विडा मात्र खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडलं तसा पहार घेऊन मी कातळावर गेलो. दव पडलेलं, दगड गार. कुठून सुरुवात करावी ते कळेना. रचलेलं उतरवायचं म्हणजे रचण्यापेक्षा कठीण. तेवढ्यात मागून म्हातारी आली, पदर खोचलेला, हातात चहाचा पेला. पेला माझ्यापुढं ठेवला आणि ती गडग्याच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"तू कशाला?" मी विचारलं.

"ह्यातला एकेक दगड खालच्या वहाळातनं डोक्यावरनं कोणी आणला होता? तुमी नुसतं एकावर एक ठेवलाव."

मला आठवलं. आठवायला नको होतं असं नाही, पण तोवर कधी आठवलं नव्हतं. मी चहा प्यायलो. मग माझ्या टोकाचा वरचा दगड उचलला, छातीशी धरला आणि तिला विचारलं, "हा कुठं ठेवू?"

"काजूच्या मुळाशी," ती म्हणाली.

मी तिथं नेऊन ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.